हाल्वोर ब्रेकेची पेटी

मी पेटी बोलतेय. पाइनच्या लाकडाची, निळ्या रंगाची, लोखंडी कड्यांची आणि तीन पिढ्या चोरीचा माल म्हणून बदनाम झालेली. माझ्या दर्शनी फळीवर ठसठशीत अक्षरांत नाव आहे, ‘हाल्वोर ब्रेके’. आणि मी राहते अमेरिकेत, मिनेसोटात, सोल्हेमांच्या घरी! सगळा घोटाळा झाला तो इथेच.

माझा जन्म नॉर्वेतला, ब्रेके नावाच्या शेतावर. हाल्वोर लग्नाच्या वयाचा झाला तेव्हा त्याच्या बापाने एका हिवाळ्यात मला घडवलं. रंग दिला, फुलं काढली आणि लेकाचं नाव घातलं. आमच्याकडे माणूस ज्या शेतावर राहील त्या शेताचं नाव लावायचा. हाल्वोरने सोल्हेम शेतावरच्या एकुलत्या एका लेकीशी, सिग्रिडशी लग्न केलं, मला गाडीवर चढवलं आणि तिच्या माहेरी राहायला गेला. त्या दिवसापासून तो हाल्वोर सोल्हेम. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

पुढे सोल्हेमच्या शेतात पिकापेक्षा दगडच जास्त निघू लागले, तेव्हा दोघं अमेरिकेच्या बोटीत बसली. माझ्या पोटात लोकरीचे कपडे, बायबल आणि महिनाभर टिकतील अशा वाळक्या भाकऱ्या होत्या.

मिनेसोटात खानेसुमारीवाला आला तेव्हा घरात खुर्ची नव्हती. तो खुशाल माझ्यावर बसला. “आडनाव?” त्याने विचारलं. “सोल्हेम,” सिग्रिडने चुलीपाशी उभं राहूनच सांगितलं. खरं तेच सांगितलं बिचारीने. पण अहो, जुनं नाव त्याच्या दोन बुटांच्या मधोमध होतं! जरा वाकून बघितलं असतं तर पुढची सगळी फरफट टळली असती. बसणारी माणसं वाकत नाहीत, हे माझं जुनं दुखणं आहे.

हाल्वोर गेला, सिग्रिड गेली. नातवंडांनी माझ्यावरचं नाव वाचलं आणि आपल्या अकलेने गोष्ट रचली, की आजोबांची पेटी बंदरात बदलली, नाहीतर त्यांनी ती कुणा ब्रेकेची ढापली. मग काय, दर नाताळला माझी थट्टा. कुणाचा हातमोजा हरवला की, “बघा, ब्रेके घेऊन गेला असेल!” सगळे पोट धरून हसायचे. मला आधी तळघरात बटाटे भरायला ठेवलं, मग गोठ्यात. मी कुणाची, हे मला पक्कं ठाऊक होतं, पण सांगणार कशी?

पणतू वर्लिन तर सोल्हेम या नावावर भारीच फुशारायचा. टपालपेटीवर, ट्रकवर, धान्याच्या कोठारावर, सगळीकडे स्वतःच्या हाताने त्याने ते रंगवलं होतं. या शरद ऋतूत त्याने मला चर्चच्या लिलावात काढायचं ठरवलं.

“चोरीच्या मालातून चर्चचं छप्पर तरी होईल, ताई,” तो बहिणीला म्हणाला.

“अरे, पण पणजोबांच्या जन्माची नोंद सापडेपर्यंत तरी थांब,” आर्डिस म्हणाली.

“किती वर्षं शोधतेयस! तो बहुतेक आभाळातून पडला असेल. शनिवारी ट्रक घेऊन येतो.”

आर्डिस खरंच वर्षानुवर्षं शोधत होती. इथल्या चर्चच्या पुस्तकात हाल्वोरची जन्मतारीख होती. नॉर्वेतल्या चर्चची जुनी पानं आता संगणकावर दिसतात. पण ती बघायची फक्त सोल्हेम शेताची बाळं. बाकीच्यांवरून नजर सरळ पुढे. चूक तिची नव्हती. इथे जन्मलेल्या माणसाला आडनाव हे हाडामासाइतकं पक्कं वाटतं.

शनिवारी सकाळी तिने मला जवसाच्या तेलाने पुसायला घेतलं. संगणक शेजारी उघडाच होता. फडकं नावावरून फिरलं आणि अक्षरं चकाकली. तिने सहज पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा पडद्याकडे. इथल्या चर्चच्या पुस्तकातली तीच तारीख. बाळ हाल्वोर. शेत ब्रेके.

बाईंनी माझ्यासमोर बसकण मारली आणि भराभरा पानं उलटली. लग्न: नवरा ब्रेकेचा, नवरी सोल्हेमची. तिकडच्या खानेसुमारीत तोच हाल्वोर सोल्हेमला, घराचा जावई म्हणून. मला तर आनंदाने झाकण उघडून नाचावंसं वाटलं!

एवढ्यात वर्लिनचा ट्रक आला.

“झाली का तयार तुझी चोरटी?”

“वर्लिन, बस खाली. नको, पेटीवर नको बसूस!” आर्डिस हसत होती आणि डोळेही पुसत होती. “अरे, आपले पणजोबा घरजावई होते!”

“कोण?”

“हाल्वोर ब्रेके. हाच तो. तू कोठारावर रंगवलंयस ना, ते पणजीच्या माहेरचं नाव आहे.”

वर्लिनने पडद्यावरच्या नोंदी वाचल्या. मग गुडघे टेकून, वाकून, त्याने माझ्यावरचं नाव एकेक अक्षर वाचलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या घरात कुणीतरी वाकलं. त्याने टोपी काढली.

“म्हणजे आपण जन्मभर आपल्याच म्हाताऱ्याला चोर म्हणत होतो,” तो पुटपुटला. मग मोठ्याने हसला. “आणि कोठार मी पणजीच्या नावाने रंगवलं!”

लिलावाला त्याने माझ्याऐवजी आपली चांगली शिडी दिली. मला दोघांनी मिळून बैठकीच्या खोलीत आणलं. आता माझ्या पोटात वर्लिनच्या पणतीचा बाप्तिस्म्याचा झगा आहे, इस्त्री केलेला, येत्या रविवारसाठी. ब्रेकेच्या खाली वर्लिनने कोठाराच्याच ब्रशने ‘सोल्हेम’ असं लिहिलंय. अक्षर वाकडं आहे, रंगही ओघळलाय. हाल्वोरच्या बापाने पाहिलं असतं तर कपाळाला हात लावला असता. पण ते पुसायचं नाव कुणी काढू नये.

तुम्हीही कधी आलात तर कॉफी प्या, बटाट्याची पोळी खा, खुशाल माझ्यावर बसा. फक्त बसण्याआधी एकदा वाकून बघा.