दाढी राहू दे

कालव्याच्या पाण्यावरून दोन्ही काठांचं फाटल्यापासून पलीकडची गिऱ्हाइकं माझ्या दुकानाकडे फिरकेनाशी झाली. त्यांच्यातले एकटे मास्तर तेवढे आले. वीस वर्षं त्यांची दाढी मीच करतोय. गळ्याला वस्तरा लागला की ते खुशाल घोरायला लागतात.

आज मात्र खुर्चीत बसताना म्हणाले, "दाढी राहू दे. केसच काप."

"का हो? रुसलात की काय?"

"घरचे म्हणतात, तिकडे जाऊन मान पुढे करू नका."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. यांच्या पोराची पहिली मिसरूडसुद्धा याच हातांनी काढली होती. मी कात्री घेऊन केस कापले. कापड घालतानाच खिशात गेलेला त्यांचा उजवा हात शेवटपर्यंत बाहेर आला नाही.

कापड काढल्यावर ते उठले आणि माझ्याकडे तोंड ठेवूनच दाराकडे मागे मागे सरकू लागले.

"मास्तर, मला भिताय होय?"

त्यांनी नजरेनंच माझ्या मुठीकडे खूण केली. कात्री फळीवर होती. हातात उघडा वस्तरा होता, आणि तो कधी उचलला ते मला आठवेना.

"ठेव तो खाली," ते हळूच म्हणाले.

"आधी तुम्ही हात बाहेर काढा."

आम्ही दोघंही हललो नाही.