अकरा गावांची अँब्युलन्स

वळणावर पहाटेचं पाणी गोठून काच झालं होतं, आणि त्या काचेवरून घसरून अकरा गावांची एकुलती एक अँब्युलन्स रस्त्यात आडवी कलंडली होती. पेशंटला शहरात सोडून रिकामी परतत होती, एवढंच काय ते नशीब. चालक आस्पारूह खांदा धरून दगडावर कण्हत बसला होता. नर्स मिंकाला खरचटलंही नव्हतं. ती घाटात विखुरलेल्या बँडेजच्या पट्ट्या वेचत होती.

रुसाना आपला क्रेनचा ट्रक घेऊन खालच्या अंगाने पोचली. समोरची गाडी तिच्या ओळखीची होती. मार्चमध्ये तिच्या लेकीला, कालिनाला तापात आकडी आली, तेव्हा हीच गाडी तेविसाव्या मिनिटाला दारात उभी राहिली होती. शहरातून यायला सव्वा तास लागतो. तेव्हापासून रुसाना सगळंच मोजत असे: ताप, श्वास, दोन झोपांमधलं अंतर.

"रुसानाताई, दोर लाव आणि ओढ," हवालदार देल्चो म्हणाला. "पलीकडे लाकडाचा ट्रक अडकलाय, बस अडकलीय, लोक शिव्या देत माझ्या आईपर्यंत पोचलेत."

"नुसती ओढली तर चाकांवर आदळेल, साहेब. सांगाडा वाकला की संपलं."

"काय उरलंय त्यात? आरसा बघ!"

"आरसा मिळतो बाजारात. दोन तास द्या."

"एक."

"दीड. आणि शिव्या मी खाते."

तिचे वडील म्हणायचे, गाडी उठवणारे छप्पन मिळतील, पोरी, उठलेली बसवता आली पाहिजे. आता त्यांचे हात थरथरत. ते घरी नातीला सांभाळत आणि ट्रक मुलीकडे होता. त्यांची रीत अशी: एक दोर चाकांच्या बाजूने ओढणार, दुसरा टपाच्या बाजूने धरून ठेवणार. तोल पलटला की गाडी स्वतःच्या वजनाने कोसळते. तिथे तो दुसरा दोर तिला हळूहळू खाली टेकवतो. पण तो बांधायला पलीकडे झाड नव्हतं, खुंट नव्हता. होता तो लाकडाचा ट्रक.

"शुक्रीकाका, तुमची गाडी द्याल? मी हात दाखवीन तसं बोटबोटभर पुढे यायचं."

ट्रकवाल्या शुक्रीने मिशा चोळल्या. "येतो. पण माझ्या बायकोला सांगू नकोस हं, बाईच्या इशाऱ्यावर चाललो म्हणून. तिला वाटेल, मग घरी काय धाड भरते याला?"

बसमधली माणसं उतरून हसली. दोघांनी रस्त्यावर मीठ टाकलं. रुसाना गाडीखाली सरपटत गेली, पट्टे दाराला नाही, सांगाड्यालाच अडकवले, दोनदा तपासले, बाहेर आली, तिसऱ्यांदा तपासायला परत गेली. देल्चोने आकाशाकडे बघितलं.

मग दोर ताणला. अँब्युलन्स करकरली, उचलली गेली, मधोमध येऊन थबकली. रुसानाचा डावा हात हवेत होता. बोटं हलली तसा शुक्री पुढे सरकला, बोटभर अंतर, अजून बोटभर. चारही चाकं जमिनीला लागली तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही.

"आता लगेच चालू नका करू," ती म्हणाली. "तेल खाली उतरू दे."

तासाभराने तिने इंजिन तपासून किल्ली फिरवली. इंजिन दोनदा खोकलं, पांढरा धूर सोडला आणि सुरू झालं. माणसांनी टाळ्या वाजवल्या. आस्पारूह दुखऱ्या खांद्यानिशी रडला.

तेवढ्यात नगरपालिकेचे गोचेव साहेब आले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली.

"चालू झाली?" त्यांच्या आवाजात आनंद नव्हता.

"सरळ चालतेय, साहेब. एक काच, एक आरसा, झालं."

"उलटलेल्या गाडीत पेशंट घालायचा नाही. आणि तसंही येत्या जानेवारीपासून ही बंदच व्हायची होती, बाई. फक्त कारण हवं होतं. भंगारात नेऊन टाक."

"मग नवी?"

"अकरा गावांत माणसं किती उरलीत, सांग बरं."

"माझी मुलगी उरलीय."

साहेब हातमोजे घालत राहिले. "चालवत नेऊ नकोस. ओढतच ने. रस्त्यावर चालताना दिसली तर लोक विचारतील."

बस गेली. शुक्री तिचा दोर नीट गुंडाळून देऊन गेला. रुसाना पुढची चाकं उचलून साखळ्या घट्ट करत होती. मिंका पट्ट्यांची पिशवी छातीशी धरून शेजारी उभी राहिली.

"मिंकाताई, तिला पुन्हा आकडी आली तर काय करू? नीट सांग. मी लिहून घेते."

"तोंडात काही घालायचं नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. कपडे सैल कर. घड्याळ बघ."

"घड्याळ बघते मी. पुढे?"

"बहुतेक वेळा आपोआप थांबते गं. पाच मिनिटांच्या वर गेली तर लगेच अँब्युलन्स बोला..."

मिंकाची नजर साखळ्यांनी बांधलेल्या गाडीकडे गेली.

रुसानाने पाच हा आकडा लिहिला होता. पेन कागदावर टेकवून ती वाट बघत राहिली. मिंकाने पिशवीचं तोंड उघडलं, पुन्हा बांधलं, आणि वळणाकडे तोंड करून गावाच्या दिशेने चालायला लागली.