डिंकरावांचं छत

कॅम्पर गाड्यांच्या तळावर त्यांना सगळे डिंकराव म्हणत. मोडकी खुर्ची द्या, फुटका आरसा द्या, गडी डिंकाची ट्यूब घेऊन हजर! बस चालवून निवृत्त झाल्यावर त्यांनी हे चाकांवरचं घर घेतलं आणि नवराबायको त्यात राहायला आले. छतावर एसीचा डबा होता. तिथून पाणी गळलं की डिंकराव शिडी लावून वर चढत आणि डब्याच्या कडेने सीलंट, म्हणजे फटी बुजवायचा डिंक, फासत. पुढच्या पावसात त्यावर दुसरा थर, मग तिसरा. खाली उतरून हात पुसत म्हणायचे, "झालं! आता थेंब आला तर नाव बदलेन." आणि तिसऱ्या थरानंतर थेंब खरंच आला नाही. घोळ झाला तो इथेच.

बायकोला वास येऊ लागला. "अहो, ओल्या पोतेऱ्यासारखं काहीतरी घाण येतंय."

डिंकराव हुंगायचे. पण उभं आयुष्य डिझेलच्या धुरात गेलेलं ते नाक, त्याला काय डोंबल कळणार? "कुठे काय? मनाचे खेळ नुसते."

मग तिला खोकला लागला. डॉक्टर झाले, औषधं झाली, खोकला हटेना. ती धापा टाकत उठून बसली की डिंकराव झोपेतून धडपडत उठायचे. ते एसी लावायचे, झडप तिच्या तोंडाकडे वळवायचे. "घे, मोकळी हवा घे." वर एकदा मेव्हणीला फोनवर हसत म्हणालेही, "तुमच्या बहिणीच्या डोक्यातच वास शिरलाय." बायको शेजारीच बसली होती. त्यानंतर तिने वासाचं नाव काढलं नाही.

शेवटी ती बहिणीकडे निघून गेली. जाताना म्हणाली, "छत एकदा उघडून नीट करा. मला बरं वाटलं तर येईन." 'तर' म्हणाली, 'की' नाही. डिंकरावांची भूकच मेली. एकटं राहायची सवय नव्हती माणसाला.

शेजारच्या सुताराला त्यांनी मदतीला घेतलं. आतून बोल्ट सैल केले, दोघांनी डबा उचलून बाजूला सरकवला. खाली छताचं चौकोनी भोक आणि त्याला लाकडी चौकट. सुताराने स्क्रूड्रायव्हर टोचला, तो मुठीपर्यंत आत गेला.

"लाकूड आहे का भिजलेला पाव?" सुतार म्हणाला. मूठभर काढलं तर काळं, लिबलिबीत, बुरशीने भरलेलं. "पाणी आधीच आत शिरलं होतं. तुम्ही वरून तोंड बंद केलंत. मग ते बाहेर पडणार कुठून?"

डिंकरावांनी भोकातून खाली पाहिलं. बरोबर खाली बायकोची उशी होती. एसीची सगळी हवा याच काळ्या लाकडाला घासून त्या उशीवर उतरत होती.

"एसी मीच लावायचो हो," ते म्हणाले. सुताराला काही समजलं नाही.

मग मात्र त्यांनी कसूर केली नाही. कोरडं लाकूड लागेपर्यंत कापत गेले. नवी चौकट, नवं प्लायवूड, आतून नवं अस्तर, डब्याखाली नवी रबरी गादी. चारी बोल्ट सारखे आवळले, वरून बादल्या ओतून पाहिल्या. उशी-गादीही नवी आणली.

"ही घाण टाकून या आता," सुतार म्हणाला. "वहिनींना दाखवू नका. छत नवं झालं, विषय संपला."

सल्ला शहाणपणाचा होता. पण डिंकरावांना माफी मागायची होती, आणि ती मोघम मागून त्यांचं मन भरणार नव्हतं. चौकटीचा एक तुकडा त्यांनी ठेवून घेतला.

बायको आली. मेव्हणी बाहेर गाडीतच थांबली. आत येऊन बायकोने छताखाली उभं राहून भीतभीत श्वास घेतला, मग छाती भरून घेतला. खोकला आला नाही. "आता वास नाही हो येत!" ती हसली. पिशवी पलंगावर ठेवून तिच्यातले कपडे बाहेर काढू लागली.

गप्प बसायचं ना, बाबा! पण नाही. डिंकरावांनी तुकडा तिच्यापुढे धरला. "वास होता. तू म्हणायचीस ते खरं होतं. आणि वर मी एसी लावून तोच तुझ्या तोंडावर सोडत होतो. चुकलो मी."

तिने तो नाकाशी नेला.

"म्हणजे होता."

"होता."

"मला वाटायचं, माझं डोकं फिरलंय. डॉक्टरांकडून डोक्याच्या गोळ्या मागून घेतल्या मी, तुम्हाला न सांगता. उशीत तोंड खुपसून खोकायचे, तुमची झोप मोडू नये म्हणून."

डिंकराव रडायला लागले. "सगळं कापून काढलंय गं. एक कण ठेवला नाही."

"दिसतंय ना."

तिने कपडे पुन्हा पिशवीत भरले. त्यांनी पिशवीला हात घातला, तो तिने हळूच बाजूला केला.

"छत छान केलंत," ती म्हणाली. "आता राहा तुम्ही इथे."