विझल्यावर चढलेलं पाणी

दर रविवारी सकाळी भाची ताईबरोबर माझ्याकडे प्रयोग करायला येते. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, म्हणून ताईने ही जबाबदारी माझ्या गळ्यात घातली.

त्या रविवारी आम्ही खोलगट ताटलीत मेणबत्ती उभी केली, भोवती शाईचं पाणी ओतलं आणि वर काचेचा ग्लास पालथा घातला. ज्योत विझली, पाणी ग्लासात चढलं. प्राणवायू संपला, त्याची जागा पाण्याने घेतली, असं मी नेहमीप्रमाणे सांगितलं.

भाचीने वहीत लिहिलं होतं : 'मेणबत्ती जळत होती तेव्हा पाणी चढलं नाही. ग्लासच्या कडेखालून बुडबुडे बाहेर आले. विझल्यावर पाणी भरकन चढलं.'

मी लाल पेनाने तिन्ही वाक्यांवर काट मारली. बुडबुडे आले होते, असं ती पुन्हापुन्हा सांगत राहिली.

"मनाचं लिहू नकोस," मी म्हणाले. "आधी नीट बघायला शीक."

मावशीशी वाद घालायला आधी दुधाचे दात तरी पडू देत, असं ताई आतून म्हणाली. भाचीने पान उलटलं आणि माझं वाक्य सुवाच्य अक्षरात उतरवलं. खाली मी 'छान' लिहिलं.

गुरुवारी भाचीच्या वहीसाठी आकृती काढायची म्हणून मी एकटीनेच प्रयोग मांडला. आजवर तो मुलांच्या तोंडाकडे बघत, बोलत बोलत केला होता. आज बोलायला कोणी नव्हतं. ग्लास टेकवला आणि कडेखालून चार-पाच बुडबुडे निघाले. पाणी चढलं ते विझल्यावरच. हवा तापून बाहेर गेली, उरलेली गार होऊन आकसली. हे मी दरवर्षी अकरावीला फळ्यावर लिहून देते. मी पुन्हा करून बघितलं, तेच झालं. तिसऱ्यांदा मेणबत्ती पेटवताना लक्षात आलं, भाची खोटी ठरावी अशी माझी इच्छा होती.

रविवारी भाचीला ताईसमोरच सांगितलं, की तिचं बरोबर होतं, माझं चुकलं. आज सूर्य कुठून उगवला, असं ताई म्हणाली. भाची हसली नाही. मोठ्यांचं मन राखावं तशी नुसती मान डोलावली.

मग तिनेच ग्लास पालथा घातला. बुडबुडे आले, अगदी तिच्या नाकासमोर. तिने पेन्सिल उचलली आणि माझ्याकडे बघितलं.

"मावशी, आता काय लिहू?"

"तुला दिसलं ते."

ती माझा चेहरा न्याहाळत राहिली. मी खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि तिच्याकडे पाठ करून बसले. बराच वेळ पेन्सिलचा आवाज आला नाही. मी वळून बघितलं नाही.