रांजणाला कुलूप

मी लोणखेडा फाट्यावरच्या पाणपोईचा रांजण बोलतोय. आज माझं पोट काठोकाठ भरलंय, तरी संतापानं मी आतून तापलोय.

कुंभारानं मला थापटून आकार दिला, आव्यात भाजलं. इथला केळीचा बागायतदार हेमराज, त्यानं वडिलांच्या वर्षश्राद्धाला मला इथं आणून बसवलं. नारळ फुटला, फोटो निघाले, डोक्यावर वडिलांच्या नावाची पाटी लागली, माझ्यापेक्षाही मोठी. पाणी मात्र त्या दिवशीचंच. पुढं कोणी फिरकलं नाही. आत डास झाले, कुणीतरी गुटख्याची पुडी टाकली.

मग समोरच्या पंक्चरवाल्या गफूरची बायको हलीमा आली. तिनं मला घासलं आणि रोज सकाळी भरू लागली. लोक पाणी प्यायचे, पाटी वाचून हेमराजला दुवा द्यायचे. ती ऐकायची आणि कळशी उचलून जायची.

मला वाटलं, हिला काहीच नको असेल. छे, माणूस फुकट काही करत नाही! एकदा भरताना ती पुटपुटली, तेव्हा कळलं. तिची पोर अंजुम दवाखान्यात पाणी-पाणी करत गेली होती. ऑपरेशनआधी द्यायचं नव्हतं म्हणून. इथला प्रत्येक घोट अंजुमला पोचतो, अशी हलीमाची समजूत.

हलीमाची ही समजूत हेमराजच्या कानावर गेली. तो तरातरा आला.

“पाटी मन्हा बापनी शे. पानी तू भरी ऱ्हायनी, मंग पुन्य कोनले भेटी?”

त्यानं माझ्या झाकणाला साखळी घालून कुलूप ठोकलं. गफूरचं दुकानही हेमराजच्याच जागेत, म्हणून तिथं माठ ठेवायलाही मनाई. बापाचं पुण्य दुसरं कुणी नेईल म्हणून पाणीच बंद! असलं डोकं माणसाचंच चालतं.

चैत्राच्या उन्हात भुरीबाई आली, डोंगरातून मजुरीला उतरलेली म्हातारी. तिनं झाकण ओढलं, कुलूप हलवलं आणि माझ्या पायाशीच कोसळली. मी कोरडा ठणठणीत. हलीमा घरातून धावत आली, तिला पाणी पाजलं. संध्याकाळी हेमराज फाट्यावर आला, तेव्हा रिकामी कळशी घेऊन हलीमा त्याच्यापुढं उभी राहिली.

“भाऊ, आख्खं पुन्य तुमना बापले लागू द्या. मन्ही अंजुमले काहीच नको. पन पानी भरू द्या.”

“समदासमोर सांग,” तो म्हणाला.

तिनं चहाच्या टपरीपुढं उभं राहून सांगितलं. इथं पुन्हा अंजुमचं नाव घेणार नाही, हेही सांगितलं. मग कुलूप निघालं.

मला निःस्वार्थी म्हणू नका. मलाही भरलेलं राहायला आवडतं. कोरडा पडलो की मी तडकतो. हेमराजला तर मुळीच म्हणू नका. पण त्या संध्याकाळी हलीमानं जे सोडलं, त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा.

तहान लागली तर या, पोटभर प्या. पाटी वाचू नका. पिऊन झालं की अंजुमचं नाव घ्या. तिच्या आईला आता इथं ते घेता येत नाही.