तिसरं रीळ

"ह्ये डबं कशाला घेतलंस रं?" नाथाजीनं विचारलं.

दस्तगीर पत्र्याच्या ट्रंकेत रिळांचे डबे लावत होता. मान वर न करता तो म्हणाला, "लालासाहेबांच्यात लावायचाय."

"आपला पिक्चर? त्या लालासाहेबाच्यात?"

"त्यांनी मागितला. मी व्हय म्हनलं."

"मला न इचारता?"

"नाथा, पिक्चरच हाय गड्या. बघून काय झिजतोय का?" दस्तगीरनं ट्रंकेचं झाकण लावलं आणि टॉवेल खांद्यावर टाकून तो नळावर आंघोळीला गेला.

नाथाजीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. म्हणे पिक्चरच हाय!

सांगलीत हळदीच्या वखारीमागं दोघांची खोली होती. सोळा एमेमचं मशीन भागीत घेतलेलं. ज्याच्या घरी बारसं, पूजा, वास्तुशांत असेल त्याच्या घरी जाऊन पिक्चर दाखवायचा, हा धंदा. मशीन चालवावं दस्तगीरनं आणि पिक्चर सुचवावा नाथाजीनं. त्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. गिऱ्हाईक यायचं, म्हणायचं, "आवं नाथाजी, घरच्यांस्नी बघाया कुठला चांगला?" मग नाथाजी आधी घराची चौकशी करायचा. नवी सून आलेली असली की सासुरवासाचा पिक्चर बाद. भावाभावांत बांधावरून वाजलेलं असलं की कोर्टकचेरीचा बाद. म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलेलं असलं तर हसायचा द्यायचा, आणि घरात मयत होऊन गेली असली तर मारामारीचा. रडून रडून कंटाळलेल्या माणसाला जरा धडाधड काहीतरी लागतं, असं त्याचं म्हणणं. आणि त्याचा अंदाज सहसा चुकत नसे.

एकच पिक्चर तो कुणाला देत नव्हता. एक नावाडी आणि एक ढोलकीवाला, अशा दोघांची ती गोष्ट. हिरॉईन पहिल्या रिळात एक गाणं म्हणून माहेरी जाते ती पुन्हा येतच नाही. तिसऱ्या रिळात हे दोघे नदीकाठी एका खोपटात संसार मांडतात, चौथ्यात ढोलकीवाला मरतो. असला पिक्चर चालणार कुठं? कंपनीनं भंगारात काढलेली प्रत ह्या दोघांनी उचलून आणली होती. पावसाळ्यात धंदा बंद असला की दार लावून, भिंतीवर, दोघंच तो बघायचे. नाथाजीचा हात दस्तगीरच्या हातात असायचा. आता आडपडदा कशाला ठेवायचा? दोघांचा एकमेकांवर जीव होता, नवराबायकोचा असतो तसा. ह्याला काय म्हणतात, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. साऱ्या दुनियेत त्यांच्यासारख्यांचा म्हणून हा एवढाच पिक्चर त्यांना सापडला होता. वखारीतल्या बाया "काय वो, जोडी कुठं निघाली?" म्हणून चिडवायच्या आणि हे दोघे हसून पुढं जायचे.

आणि आता मधेच हा लालासाहेब उपटला होता. फलटणजवळचा ऊसवाला. पलटणीतून सुटून आलेला, ताठ, मिशाळ, लग्न न केलेला. महिन्या-दोन महिन्यांनी पिक्चर लावायचा आणि बोलायचा ते फक्त दस्तगीरशी. नाथाजीला त्यानं एकदाही विचारलं नव्हतं की बाबा, कुठला चांगला? वर दस्तगीरला पलटणीतला लोकरीचा स्वेटर दिला होता. आणि हा शहाणा होळी उलटली तरी तो अंगातनं काढायला तयार नाही! मागच्या खेपेला तर लालासाहेबाचं बोलणं त्यानं जाता जाता ऐकलं होतं, "सांगलीत काय ठिवलंय, दस्तगीर? मळ्यात खोली रिकामी हाय. हितंच येऊन ऱ्हावा की." तेव्हापासून नाथाजीच्या घशाखाली घास उतरत नव्हता. दस्तगीर गेला तर मागं काय राहणार? चार भिंती आणि हळदीचा वास.

नळाचं पाणी वाजत होतं तोवर त्यानं ट्रंक उघडली, तिसरं रीळ काढलं, अंथरुणाच्या वळकटीत कोंबलं आणि रिकामा डबा जागच्या जागी ठेवला. "बघ म्हनावं आता," तो पुटपुटला.

एसटीत दस्तगीरनं त्याला खिडकी दिली. कराडच्या स्टँडवर पेरू घेऊन निम्मा त्याच्यापुढं धरला. नाथाजीनं तोंड फिरवलं. दस्तगीरनं तो निम्मा पेरू रुमालात बांधून ठेवला.

लालासाहेबाच्या घरी रात्री विजेचा भरवसा नसे, म्हणून पिक्चर दुपारीच लावायचा. सोप्याच्या दाराखिडक्यांना घोंगडी टांगून अंधार केला. लालासाहेबाची आई बनुबाई पाट घेऊन पुढं बसली, मागं शेजारपाजारच्या बाया बसल्या. लालासाहेब मात्र खुर्ची सोडून खाली, पडद्याच्या अगदी जवळ, गुडघे मिठीत घेऊन बसला. पहिलं रीळ झालं, दुसरं झालं. त्यानं एकदाही मागं वळून दस्तगीरकडं बघितलं नाही. त्याचाही नाथाजीला राग आला.

मग दिवा लागला. दस्तगीरनं तिसरा डबा उघडला आणि तो नाथाजीकडं बघत राहिला. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. तसं तो बघत नव्हता.

"काय झालं?" लालासाहेबानं विचारलं.

"तिसरं रीळ सांगलीतच ऱ्हायलं, साहेब. चौथं लावतो."

लालासाहेबाचं तोंड एवढंएवढंसं झालं. "आरं, त्येवढ्यासाठीच तर मागितला हुता," तो म्हणाला. "पलटनीत दाखिवला हुता ह्यो. मी आनि म्हसवडचा केरबा, मांडीला मांडी लावून बसलो हुतो. केरबा म्हनला, लाल्या, पेन्शनीत निघालो की आपन असंच ऱ्हायाचं, त्या दोघांगत."

"मग?" बोलल्याबरोबर दस्तगीरला वाटलं, विचारायला नको होतं.

"एकाहत्तरच्या लढाईत गेला त्यो. माझ्या शेजारीच हुता."

"लय गुनाचं पोर," बनुबाई म्हणाली. "दोन येळा सुट्टीला हितंच आला हुता. त्याच्यासाटनं मळ्यात खोली बांधायला काढली लालानं. आता कुनी तरी ऱ्हावं म्हनतोय तिथं. बंद खोली बघवत न्हाई त्याला."

नाथाजीला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. ज्याच्या नावानं इतके दिवस बोटं मोडली तो हा माणूस, आणि मागत काय होता, तर एक रीळ!

"आवं, मग तोंडानं सांगा की!" बनुबाईनं फर्मान काढलं. "मधलं कळल्याबिगर पुढचं कसं बघायचं?"

दस्तगीरनं मशीनवर हात टेकला. आणि तो सांगायला लागला.

"दोघं एका खोपटात ऱ्हात्यात. सकाळी नावाडी च्या करतो. ढोलकीवाला जागा असतो, पन डोळं मिटून पडतो. च्या हातात मिळावा म्हनून."

बाया हसल्या. नाथाजी चपापला. पिक्चरमध्ये चहा कुठं होता?

"ढोलकीवाला लय हेकट. रुसला की दोन दोन दिस बोलायचा न्हाई. सोता जेवायचा न्हाई, पन नावाड्याचं ताट झाकून ठिवायचा. मग एकदा नावाड्याला लांबनं बोलावनं येतं. चांगली जागा, चांगलं मानूस. पन त्यो तिथल्या तिथं सांगतो, मला एकट्याला कुठं जायाचं न्हाई. आता ही गोष्ट ढोलकीवाल्याला म्हाईतच न्हाई. त्यो आपला उगाच जळत बसलाय."

"आरं द्येवा! मग सांगायचं न्हाई व्हय त्याला?" बनुबाई म्हणाली.

"त्यानं इचारावं, असं वाटत हुतं. त्योबी हेकटच की." दस्तगीरनं नाथाजीकडं हात केला. "पुढचं नाथाजी सांगतील. त्यास्नी पाठ हाय."

सगळ्या माना मागं वळल्या. नाथाजी खांबाला धरून उभा राहिला. उभ्या आयुष्यात लोकांना इतके पिक्चर सुचवले होते त्यानं, पण हा त्याचा स्वतःचा होता.

"मग ढोलकीवाला म्हनतो," तो कसाबसा म्हणाला, "माझं चुकलं. लय भ्यालो हुतो मी. तू गेलास तर मला दुसरं घर न्हाई."

"आनि नावाडी काय म्हनतो?" बनुबाईनं विचारलं.

"काय न्हाई म्हनत," दस्तगीर म्हणाला. "निम्मा पेरू त्याच्या हातावर ठिवतो."

बनुबाईनं पदरानं डोळे पुसले. "लगीन न्हाई केलं व्हय दोघांनी?"

"न्हाई."

"ऱ्हाऊ द्या. एकमेकांस्नी तर हुते," ती अगदी सहज म्हणाली. "लावा आता पुढचं."

दस्तगीरनं दिवा मालवला. चौथं रीळ सुरू झालं तसा लालासाहेब उठला आणि घोंगडी बाजूला सारून बाहेर गेला. नाथाजीनं रीळ संपेपर्यंत मशीनजवळ थांबायचं, हा कायमचा रिवाज. पण त्यानं दस्तगीरच्या खांद्यावर हात ठेवला, स्वेटरवरच, आणि तोही बाहेर पडला.

बाहेर ऊन रणरणत होतं. लालासाहेब हौदाच्या कडेला घराकडं पाठ करून बसला होता. नाथाजी त्याच्या शेजारी टेकला. समोर उसाच्या पल्याड बंद दाराची ती खोली दिसत होती.

रीळ सरत आलं, ढोलकीवाल्याचं मरण जवळ आलं. आतून बायांच्या हुंदक्यांचा आवाज यायला लागला. बनुबाई मोठ्यानं "आरं माझ्या लेकरा" म्हणाली.

लालासाहेबानं मान वळवली नाही. "गेला काय त्यो?" त्यानं विचारलं.

"न्हाई," नाथाजी म्हणाला. "हाय अजून."