दगड उचलण्याआधी पाय बघा

मी पडेगावच्या ओढ्याकाठची एक म्हातारी शृंगी घुबडीण आहे. मित्रांनो, माझ्या डोक्यावर दिसतात ती शिंगं नाहीत, पिसांचे तुरे आहेत. याच तुऱ्यांनी माझा घात केला.

पोलीस ॲक्शन होऊन सात वर्षं झाली होती. ओढ्याकाठच्या शेताचे मालक कारभारी; त्यांच्या ज्वारीतले उंदीर मी खात असे, आणि ओढ्याच्या दरडीत माझी तीन अंडी होती. कारभारींनी जवळच्या दगडखाणीच्या पाण्यात मरळ मासे सोडले होते. ते कमी होऊ लागले. एका संध्याकाळी पाण्यावरून तुरेवालं घुबड उडताना त्यांना दिसलं, आणि सकाळी ते दगड घेऊन माझ्या दरडीवर आले.

त्यांची बायको चतुराबाई खाली वाकून बघत होत्या. "अवो, इथं नुसती उंदरांची हाडं हायती. माशाचा एक खवला नाय."

"शिंगं हायती नव्हं? मंग हाच चोर. तू गप."

तिन्ही अंडी फुटली.

त्या दिवशी मी ओढा ओलांडला. पलीकडे द्वारकाबाईंचं शेत होतं. तिथले उंदीर मी वेचून खाल्ले. कारभारींच्या शेतातला एकही धरला नाही. पुढच्या माघात त्यांच्या ज्वारीची ताटं बुडातून कुरतडून आडवी झाली. मी समोरच्या कडूनिंबावरून बघत होते. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

मासे मात्र जातच होते. कारभारींनी पाण्यावर जाळं ताणलं. सकाळी त्यात एक घुबड अडकलेलं सापडलं. चतुराबाईंनी जाळं कापता कापता त्याला निरखलं.

"याचे पाय बघा. नडग्या उघड्या हायती. आपलीला बोटापर्यंत पिसांचा पायजमा व्हता. याचे डोळे पिवळे, तिचे नारिंगी. याचे तुरे बाजूला पसरल्यात, तिचे ताठ व्हते."

"लांबून सारखंच दिसतं की," कारभारी पुटपुटले.

"अंडी काय लांबून फोडली व्हय?"

ते मासेखाऊ घुबड उडून गेलं. कारभारी खाली बसले.

तेव्हापासून दरवर्षी पेरणी झाली, की ते मला बसून उंदीर टिपता यावेत म्हणून शेतात बाभळीची वाळकी फांदी रोवतात. मित्रांनो, कुणाला चोर ठरवण्याआधी त्याचे पाय तरी बघत जा. मी आता थकले आहे. कारभारींच्या शेतातले गुबगुबीत उंदीर मला इथून ऐकू येतात. पोटात भूक असते.

त्या फांदीवर मी अजून बसलेली नाही.